चौदा कूपनं आणि एक माणूस

मल्हाररावांना मोजायची सवय होती. बेळगोळच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून काढलेला माणूस निवृत्त झाला, तरी त्याची बोटं निवृत्त होत नाहीत. सरस्वतीपुरमच्या घरी आल्यावर त्यांनी आधी चमचे मोजले, मग कपडे वाळत घालायचे चिमटे मोजले, आणि भागीरथीबाईंनी "आता मला तेवढं मोजू नका" म्हणून सांगितल्यावर थोडे दिवस गप्प बसले.

पण एका सकाळी त्यांचा हात बायकोच्या गोळ्यांच्या डब्यावर गेला. कॅल्शियमच्या गोळ्या, गुडघ्यांसाठी, रोज एक. हिशेबानं डबा बारा तारखेला रिकामा व्हायला हवा होता. आज वीस तारीख, आणि आत अजून नऊ गोळ्या.

त्यांनी विचारलं तेव्हा भागीरथीबाई म्हणाल्या की दुखणं आता कमी झालंय, एकाड दिवशी घेतली तरी चालतं. असं सांगून त्या भिंतीला धरून, एकेका पायरीवर थांबत अंगणात उतरल्या. डबा सहाशे वीस रुपयांचा होता. मल्हाररावांना न मोजताही सगळं समजलं.

त्याच दिवशी पेपरात जाहिरात आली. मेन रोडवर नवीन औषधांचं दुकान उघडलं होतं. पेपरातलं कूपन कापून आणा, सहाशेच्या वर खरेदी करा, दोनशे रुपये सूट घ्या. शिवाय दर बुधवारी साठ वर्षांवरच्यांना उरलेल्या बिलावर दहा टक्के सूट. मल्हाररावांनी पेपर खाली ठेवला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. एका कूपनाला एक डबा, तर चौदा कूपनांना वर्षाहून जास्त. (औषधाची मुदत ते डब्यावर आधीच पाहून आले होते. स्टोअरकीपर होते, वेडे नव्हते.)

ते कात्री घेऊन निघाले. गल्लीतल्या घराघरांत जाऊन त्यांनी कॉफी घेतली, तब्येतीची चौकशी केली आणि निघताना पेपराचा एक कोपरा मागून घेतला. बहुतेकांनी आनंदानं दिला. शेजारचे अप्पाराव तेवढे आंघोळीला गेले होते, म्हणून मल्हाररावांनी त्यांच्या व्हरांड्यातल्या पेपरातून कूपन न विचारताच कापलं. त्या कूपनाच्या मागच्या बाजूला शब्दकोडं होतं. थोड्या वेळानं अप्पाराव कुंपणापाशी आले आणि पेपराला पडलेल्या चौकोनी खिडकीतून त्यांच्याकडे बघत उभे राहिले. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

बुधवारी दहा वाजता मल्हारराव इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात शिरले. टोपलीत चौदा डबे रचून त्यांनी काउंटरवर ठेवले आणि शेजारी चौदा कूपनं पत्त्यांसारखी पसरली. काउंटरवरच्या मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं, डब्यांकडे पाहिलं, आणि एक कूपन उचलून बाकीची तेरा हलक्या हातानं परत सरकवली.

"ओब्बरिगे ओंदे, सार," ती कन्नडमध्ये म्हणाली. "एका माणसाला एकच."

तिनं नखानं कूपनाचा तळ दाखवला. तिथे मुंग्यांच्या रांगेसारख्या अक्षरांत हेच लिहिलेलं होतं. एकतीस वर्षं मल्हाररावांनी लोकांना नियमांतली बारीक अक्षरं दाखवली होती. ती दाखवून घेताना कसं वाटतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. मागे रांग वाढत होती. कुणीतरी खोकलं. त्यांनी टोपली बाजूला ठेवली, "पाच मिनिटांत माणसं आणतो," असं सांगितलं आणि बाहेर पडले. कोणती माणसं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

रस्त्यावर आल्यावर आठवलं. बुधवारी सकाळी दोन गल्ल्या पलीकडे शांताक्कांच्या घरी बायकांचं भजन असतं. भागीरथीबाईही तिथेच होत्या.

मल्हारराव दारात पोचले तेव्हा अभंग रंगात आला होता. शांताक्का मंडळाच्या प्रमुख, वय पंचाहत्तर, आवाज पंचविशीचा. मध्येच भजन थांबवायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. मल्हारराव उंबऱ्यावर उभे राहून हातातली कूपनं हलवत राहिले. शेवटी टाळ थांबले. त्यांनी अडखळत सगळं सांगितलं: दुकान, दोनशे रुपये, दहा टक्के, एका माणसाला एकच. भागीरथीबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू लपवायला की लाज, हे मल्हाररावांना कळेना.

शांताक्कांनी विचारलं, "औषध कुणाचं?"

"हिचं."

शांताक्का क्षणभर भागीरथीबाईंकडे बघत राहिल्या. "एकाड दिवशी गोळी घेती ही. आम्हाला ठाऊक आहे. तुम्हाला आज कळलं, अल्लवा?" मग त्या बाकीच्यांकडे वळल्या. "उठा गं. आरती येऊन करू."

सरस्वतीपुरमच्या रस्त्यानं बारा बायका चालल्या, टाळ हातात तसेच, आणि पुढे मल्हारराव. स्कूटरवाले थांबून बघत होते. दुकानात शिरल्यावर शांताक्कांनी रांग लावली. भागीरथीचे सहा महिन्यांचे डबे आधी, आमचं मागून, असा त्यांचा हुकूम होता. मल्हारराव, भागीरथीबाई आणि आणखी चौघी, अशी सहा कूपनं गोळ्यांना गेली. बाकीच्या बायकांनी आपापली तेलं, बाम, नातवंडांची पावडर असं काढून सहाशेचा आकडा गाठला.

आतून मॅनेजर आला. एवढ्या गर्दीत टाळ बघून तो गोंधळला. हे एकाच घरचं सामान तर नाही ना, असं त्यानं विचारलं. शांताक्कांनी कन्नडमध्ये शांतपणे सांगितलं की नियमात माणूस लिहिलंय, घर नाही. मल्हाररावांनी कूपन उलटं धरून बारीक अक्षरांवर नख ठेवलं. मॅनेजरनं वाचलं आणि मान डोलावली.

पण बिलं व्हायला वेळ लागू लागला. उभं राहून कंटाळलेल्या बायकांनी राहिलेला अभंग तिथेच सुरू केला. फुटपाथवरचे लोक आत डोकावले, काहींना वाटलं उद्घाटन चाललंय, आणि आलेच आहोत तर म्हणून त्यांनी टूथपेस्ट घेतली. अर्ध्या तासात दुकान भरलं. मॅनेजरनं स्वतः खुर्च्या आणल्या, सगळ्यांना कॉफी मागवली, आणि पुढच्या बुधवारी भजन इथेच ठेवता येईल का, असं शांताक्कांना हात जोडून विचारलं. चौदावं कूपन उरलं होतं. मल्हाररावांनी अप्पारावांना फोन करून बोलावलं. अप्पाराव आले, सहाशे रुपयांचं च्यवनप्राश घेतलं, आणि कूपन कापल्या दिवसापासून पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले.

संध्याकाळी भागीरथीबाईंनी नवीन डबा फोडला आणि नवऱ्याच्या समोर गोळी घेतली. "उद्या पण घेईन," त्या म्हणाल्या. "मोजा हवं तर." एवढं सुख मल्हाररावांना निवृत्तीच्या दिवशी, हार गळ्यात असतानाही झालं नव्हतं.

मग ते बिलं घेऊन बसले. सहा डब्यांमागे वाचायला हवे होते चौदाशे बावन्न. वाचले होते चौदाशे त्र्याहत्तर. एकवीस रुपये जास्त. त्यांनी तीनदा बेरीज केली. शेवटी त्यांच्या स्वतःच्या बिलावर एक जादा ओळ सापडली: वय ऐंशीच्या वर, विशेष सूट पाच टक्के.

मल्हारराव सदुसष्ट वर्षांचे होते.

"मला तर त्या मुलीनं दोनदा आधार कार्ड मागितलं," भागीरथीबाई म्हणाल्या. "साठीच्या वाटत नाही म्हणाली. तुम्हाला काय मागितलं?"

मल्हाररावांनी आठवून पाहिलं. काहीच मागितलं नव्हतं. उठायला हात दिला होता.

सकाळी जाऊन वयाची चूक दुरुस्त करून यायचं, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. माणसाला काही मान असतो. मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि एकवीस गुणिले बारा केलं.

पुढच्या बुधवारी ते काठी टेकत दुकानात शिरले.