सर्वांत लांब पर्याय

अवजड वाहन चालवायला दोन गोष्टी लागतात: लायसन्स आणि वाहन. पहिली मिळेपर्यंत दुसरीला हात लावू देत नाहीत, आणि दुसरीला हात न लावता पहिलीची सुरुवात करता येते, यात शासनाची दूरदृष्टी दिसून येते. लेखी परीक्षा याच दूरदृष्टीतून जन्माला आली.

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, गालिच्यांच्या गोदामात कामाला होते. गोदाम बंद पडलं. लोकांनी गालिचे घेणं सोडलं, असं मालकाचं म्हणणं होतं (मालकाच्या स्वतःच्या घरात नुसती फरशी आहे, तेव्हा माहिती आतल्या गोटातली असावी). पुढे एका वाहतूक कंपनीच्या मालकांनी भावोजींना शब्द दिला: महिनाअखेरपर्यंत लेखी पास व्हा, ट्रक शिकवायचं आमच्याकडे लागलं. तोवर घर ताईच्या शिलाई मशीनवर चाललं होतं आणि मशीन कुरकुरायला लागलं होतं. म्हणजे परीक्षा ही काही गंमत नव्हती.

परवाना कार्यालयाचं पुस्तक उशीएवढं जाड होतं. पहिलं प्रकरण 'चालकाची मानसिक स्थिती'. ते वाचून भावोजींची मानसिक स्थिती इतकी ढासळली, की ताईनेच त्यांना क्लासला घातलं.

क्लास टायरच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा. सरांच्या शर्टाला कडक इस्त्री आणि खिशाला चार पेनं. त्यांनी आयुष्यात ट्रक चालवलेला नाही, धुराचा त्रास होतो. त्यामुळे या विषयावरचं त्यांचं मत पूर्णपणे तटस्थ आहे. क्लासचा निकाल शंभर टक्के लागतो (नापास झालेल्याला क्लासचा विद्यार्थी धरत नाहीत). पुस्तक वाचून परीक्षेला बसणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त नापास होतात, अशीही आकडेवारी भिंतीवर लावलेली आहे. ती सरांनी स्वतःच तयार केली असल्यामुळे तिच्यात चूक काढायला दुसरा कोणी जबाबदार नाही.

पहिल्या दिवशी मी भावोजींना सोबत म्हणून गेलो होतो.

"प्रश्न वाचायचा नाही," सर म्हणाले. "प्रश्न वाचला की माणूस विचार करायला लागतो, आणि तिथेच घात होतो."

"मग उत्तर कसं द्यायचं?" भावोजींनी विचारलं.

"पर्याय बघायचे. जो सर्वांत लांब, तो बरोबर. थाप मारणारा थोडक्यात आटोपतो. खरं बोलताना मात्र कार्यालयाला सगळ्या बाजू सांभाळाव्या लागतात."

मग बारीकसारीक नियम आले. पर्यायात 'ताबडतोब', 'जोरात' किंवा 'नेहमीच' दिसलं की तो चूक. 'खात्री करून', 'परिस्थितीनुसार', 'आवश्यकतेप्रमाणे' दिसलं की डोळे मिटून बरोबर. हॉर्न हे कोणत्याही प्रश्नाचं बरोबर उत्तर नाही (तो ट्रकला मग बसवतात कशाला, हा भाग अभ्यासक्रमाबाहेरचा). दोन पर्याय सारखेच लांब असतील, तर ज्यात स्वल्पविराम जास्त तो घ्यायचा.

भावोजींनी मनापासून अभ्यास केला. त्याचा परिणाम घरात दिसू लागला. आमचे बाबा दर रविवारी त्यांना विचारायचे, "जावईबापू, नोकरीचं काय?" आणि भावोजी म्हणायचे, "बघतोय." एका रविवारी मात्र ते म्हणाले, "सर्व बाबींचा विचार करून, आवश्यक ती काळजी घेत, परिस्थितीनुसार योग्य दिशेने पाऊल टाकतोय."

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "माणूस सुधारला रे."

ताईचं मत वेगळं पडलं. तिने विचारलं होतं, "अहो, नळ गळतोय, बघता का?" त्यावर तिला इतकं परिपूर्ण उत्तर मिळालं, की ती गुपचूप उठली आणि शेजाऱ्यांकडून पाना घेऊन आली.

परीक्षेत भावोजींना पैकीच्या पैकी गुण मिळाले. शेजारचा उमेदवार खुर्ची पुढे ओढून घेईपर्यंत यांचं सगळं उरकलंसुद्धा. पर्यवेक्षक बाईंनी विचारलं, "पुन्हा एकदा वाचून बघायचं नाही?"

"पहिल्यांदाही वाचलेलं नाही," भावोजी म्हणाले. बाई हसल्या. परीक्षेच्या खोलीत खरं बोललेलं असं वाया जातं.

मग ट्रक आला. शिकवायला कंपनीचा जुना चालक होता, त्याला सगळे उस्ताद म्हणत. सपाट रस्त्यावर भावोजींनी छान जम बसवला. उस्तादने घरी येऊन ताईला तसं सांगितलंही, आणि ताईने त्या दिवशी मशीनवर झाकण घालून लवकर जेवण केलं.

पुढच्या आठवड्यात सिमेंटची पोती भरलेला ट्रक घेऊन दोघं घाटातून उतरत होते. भावोजींनी वरच्याच गिअरमध्ये उतार धरला आणि ब्रेकवर पाय रोवला. थोड्या वेळाने केबिनमध्ये जळका वास आला.

"ब्रेक तापले," उस्ताद म्हणाला. "आता काय करायचं, सांग."

हा प्रश्न पेपरात आला होता. भावोजींनी तो लगेच ओळखला. उत्तर चौथा पर्याय होतं, तीन ओळींचं, मध्ये चार स्वल्पविराम. हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर स्वच्छ उभं राहिलं. त्या तीन ओळींत लिहिलेलं काय होतं, तेवढंच उभं राहीना.

"पर्याय सांगा," भावोजी म्हणाले.

उस्तादने त्यांच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. खाली वळणावर एक टेम्पो उभा होता आणि त्याचा चालक पाठमोरा बसून टायर बदलत होता. उस्तादने हात लांब करून स्टेअरिंग हिसकलं. ट्रक रस्ता सोडून डागडुजीसाठी टाकलेल्या खडीच्या ढिगात घुसला, निम्म्याहून जास्त आत गेला आणि थांबला. टेम्पोवाला उठून उभा राहिला, त्याने ट्रक आणि आपण यांच्यातलं अंतर पाहिलं, आणि पुन्हा खाली बसला.

संध्याकाळी भावोजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून होते. ताईने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"काय झालं हो?" तिने विचारलं.

"भ्यालो," ते म्हणाले. "पायाखाली ब्रेक होता, आणि नव्हताही. तो माणूस पाठमोरा होता गं."

कित्येक दिवसांत त्यांनी दिलेलं ते सर्वांत छोटं उत्तर. ताई त्यांच्याजवळ बसली. मला वाटलं, संपलं. आता गोदामच शोधावं लागणार.

दुसऱ्या दिवशी मालकांनी चौकशी केली. मी भावोजींबरोबर गेलो होतो. उस्तादने सरळ सांगून टाकलं, "याला काही सुचेना, मी स्टेअरिंग ओढलं आणि गाडी खडीत घातली." शेजारच्या सीटवरून स्टेअरिंग ओढणं नियमात बसत नाही. मालकांच्या कपाळाला आठी पडली. मग त्यांनी भावोजींकडे वळून विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

"अशा वेळी चालकाने शांत राहून," भावोजी म्हणाले, "परिस्थितीचा अंदाज घेऊन, इतर वाहनांच्या सुरक्षिततेची खात्री करून, वाहन योग्य जागी थांबवावं."

"टेम्पोला धक्का लागला?"

"नाही."

"ट्रक थांबला?"

"हो."

"मग तुम्ही सगळं नियमाने केलंत की," मालक म्हणाले.

भावोजींनी तोंड उघडलं. मी त्यांच्या कोपराला धरलं. उस्ताद छताकडे बघत राहिला.

भावोजींना कंपनीचे सुरक्षा अधिकारी नेमण्यात आलं. त्यांना स्वतंत्र टेबल आहे, खिडकी आहे, आणि ट्रकजवळ जावं लागत नाही (ही अट त्यांचीच). उस्तादला शिक्षा म्हणून पुन्हा लेखी परीक्षेला बसवलं. सरांच्या क्लासला जाऊन तोही पैकीच्या पैकी गुण घेऊन आला. निकालाच्या दिवशी मला म्हणाला, "एवढं सोपं होतं, तर मी गाडी चालवायला कशाला शिकलो?"

भावोजींची कीर्ती वाढत गेली. हल्ली परवाना कार्यालयाच्या सल्लागार समितीवर त्यांची खुर्ची आहे. मागच्या बैठकीत एका तरुण अधिकारी बाईंनी सूचना मांडली, की सर्व जुन्या लायसन्सधारकांची, स्कूटरपासून ट्रकपर्यंत, लेखी परीक्षा अचानक पुन्हा घ्यावी. पर्याय न देता. समिती जवळजवळ तयार झाली होती. भावोजींनी एकट्याने ती सूचना हाणून पाडली.

"नको," ते म्हणाले. "लोकांना सकाळी कामावर जायचं असतं."

लोक म्हणजे तुम्ही. तुमच्या खिशातलं लायसन्स आज शाबूत आहे ते या माणसाच्या दयेमुळे. कधीतरी त्यांचे आभार मानायला जरूर या. फक्त येताना, शक्य असेल तर, चालत या.