नमुन्याबाहेरचं तोंड

“आ कर गो बाय, आ कर,
गालान तुझ्या कोण?
चिंचेचं बुटूक, बोराची बी,
आन् खोटं एक-दोन!”

चामटोलीच्या घरी ओट्यावर बसून विठाआत्या हे म्हणायची आणि लहानग्या उन्नतीच्या गालात दडवलेली चिंच बोटानं बाहेर काढायची. पुढे उन्नती मोठी झाली, शिकली, कॅन्सर संशोधक झाली आणि लोकांना ‘आ करा’ म्हणणं हाच तिचा पेशा झाला. भाजलेल्या तंबाखूची मशेरी दातांना चोळणाऱ्या बायकांच्या तोंडात कॅन्सरच्या आधी पांढरे चट्टे उमटतात. ते शोधायचे, असा तिचा अभ्यास. बुवापाड्यापासून विठ्ठलवाडीपर्यंत बायकांनी तिच्यापुढे तोंडं उघडली. घरच्या माणसांना मात्र नमुन्यात घ्यायचं नाही, निष्कर्षात पक्षपात शिरतो, असा नियम होता. उन्नतीनं तो व्रतासारखा पाळला. आत्या एकदा हौसेनं ओळीत उभी राहिली, तर तिलाही परत पाठवली.

आता एकच काम उरलं होतं. उन्नतीनं स्वतः तोंड उघडायचं.

त्यासाठी अंबरनाथच्या एका संस्थेनं ‘नवोदित कर्करोग संशोधक करिअर विकास व सादरीकरण कौशल्य शिबिर’ भरवलं. सर्वोत्तम सादरीकरणाला बक्षीस होतं तपासणीची गाडी: आत डॉक्टर, खुर्ची, दिवा, सगळं. उन्नतीला ही गाडी हवीच होती. ‘मोठ्या दवाखान्यात दाखवा’ असं सांगून चट्टेवाल्या बायका कुठेही जात नाहीत हे ती पाहत आली होती. भाताची लावणी, डबे, पाहुणे यांतून सुटका झाली तर जाणार ना! दवाखानाच पाड्यावर आला तर गोष्ट वेगळी. म्हणून तिनं ठरवलं, शिबिर सांगेल ते ऐकायचं.

शिबिराचे मार्गदर्शक भावेश सर पूर्वी बदलापुरात फ्लॅट विकत. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ ही पाच मिनिटं कुठल्या वाहनाची, हे त्यांनी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

“पहिल्याच स्लाइडवर कॅन्सर?” त्यांनी कपाळाला हात लावला. “मॅडम, सॅम्पल फ्लॅट दाखवताना आपण गळती दाखवतो का?”

“सर, पण विषयच तो आहे.”

“मग सगळ्यांना माहीत आहेच. काढा.”

कॅन्सर गेला. त्या जागी ‘मुखातील एक प्रवास’ असं आलं. मग चट्ट्यांचे फोटो गेले, कारण सादरीकरणानंतर लगेच नाश्ता होता. मग मशेरी गेली, कारण संस्थेचे अध्यक्ष हरिचंद्रराव यांच्या मातोश्री मशेरी लावत आणि भावना दुखावण्यासाठी संस्थेकडे तरतूद नव्हती. उरलं शेवटचं वाक्य: ‘आरशासमोर आ करा, गालाच्या आतून बोट फिरवा, पांढरा चट्टा दिसला किंवा तिखट झोंबायला लागलं तर लगेच दाखवा.’

हे वाचून भावेश सर गंभीर झाले.

“हे तर कुणालाही समजेल!”

“हो, सर.”

“मग संशोधक कशाला पाहिजे? बॉस, करिअर असं नाही होत.”

तेही गेलं.

“मग मी बोलू काय?”

“तुमची जर्नी. चामटोली टू मायक्रोस्कोप. सुरुवातीला स्माइल, शेवटी डोळ्यांत पाणी. दोन्ही डोळ्यांत हां, फोटोग्राफर दोन्हीकडे आहेत.”

त्या संध्याकाळी उन्नतीनं घरी सराव मांडला. आत्या समोर दहीभात कालवत बसली होती.

“सुकटीचं कालवण नाय घेतलंस?” उन्नतीनं विचारलं.

“नको गो. आताशा तिखट नको वाटतं.”

“बरं, इकडे बघ. माझं हसू खरं वाटतं का?”

आत्यानं निरखून पाहिलं. “हसू झ्याक हाय. पन तू सांगतंस काय, त्या काय कलला नाय.”

“ते कळायला नकोच आहे, आत्या.”

आत्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

“थांब, थांब! पुन्हा पहिल्यापासून घेते.”

आत्यानं तोंड मिटलं.

कार्यक्रमाला हॉल भरला. प्रायोजक एक सुगंधी सुपारीवाले होते, त्यामुळे प्रत्येकाच्या पिशवीत एकेक पुडी होती आणि मुखातील प्रवास जागोजागी सुरूही झाला होता. सत्कारांना जरा वेळ लागला, कारण सत्कार करणाऱ्यांचाही सत्कार राहून गेला होता. उन्नतीची पाळी आली तेव्हा हरिचंद्ररावांनी घड्याळ पाहिलं.

“नमस्कार आणि धन्यवाद एवढंच बोला, ताई. मधलं आम्ही समजून घेऊ. आम्ही काय परके?”

उन्नतीला गाडी दिसत होती. ती ‘नमस्कार’ म्हणाली, हसली, डोळ्यांत पाणी आणलं आणि ‘धन्यवाद’ म्हणाली. टाळ्या थांबेनात. परीक्षकांनी ‘इतकी मुद्देसूद मांडणी आजवर ऐकली नव्हती’ असा शेरा देऊन तिला पहिलं बक्षीस जाहीर केलं.

“गाडी तुमचीच!” हरिचंद्रराव म्हणाले. “गावोगाव फिरणार. बाजूला तुमचा मोठा फोटो, आणि स्पीकरवर तुमची जर्नी.”

“आणि डॉक्टर?”

“डॉक्टरची खुर्ची काढावी लागली, ताई. स्पीकर कुठे ठेवणार?”

पुन्हा टाळ्या झाल्या. भावेश सरांनी सर्वांत जोरात वाजवल्या.

उन्नती करंडक घेऊन नाश्त्याच्या टेबलापाशी आली. तिथे कौतुकानं कार्यक्रमाला आलेली आत्या नुसता पाव चहात बुडवून खात होती.

“वडा घे ना, आत्या. गरम आहे.”

“नको. तिखट आसंल.”

“एवढा काय तिखट...” म्हणता म्हणता उन्नती थांबली. सादरीकरणातून काढलेलं ते वाक्य डोक्यातून काढायचं राहून गेलं होतं.

दहीभाताचं ताट वर सगळ्यांच्याच डोळ्यांसमोरून गेलं आहे. त्या वेळी वाचकांचंही लक्ष उन्नतीच्या हसण्याकडेच लागलं असेल तर त्यांना बोल लावता येणार नाही. सादरीकरण चांगलं असलं की असंच होतं.

उन्नतीनं करंडक पावांच्या ढिगावर ठेवला आणि मोबाइलचा दिवा लावला.

“आ कर गो आत्या.”

आत्यानं आधी चहाचा कप खाली ठेवला. मग हळूच, जुनी चिंच काढून हातावर द्यावी तसं बोलली,

“हाय गो, पांढरं हाय. दिवाली झाली तवापासून हाय. पन तुझ्या अभ्यासान घरची मानसं चालत नाय ना, म्हनून गप ऱ्हायले.”