साबुदाण्याची बंदूक

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी मुरूमच्या काशिनाथआप्पांचं नाव घेतो. हा माणूस लग्नाच्या पंगतीतसुद्धा भाताचं शीत बोटांत चिरडतो, वास घेतो, ‘ओलावा जास्त हाय’ असं जाहीर करतो आणि मगच जेवतो.

आप्पांची हयात धान्याच्या मोंढ्यातल्या एका आडतीवर तूर-मूग पारखण्यात गेली. आता घरीच असतात, पण पारखणं सुटलेलं नाही. गादी घ्यायची तर दुकानात तिच्यावर झोपून बघणार. निकाल दोनच, ‘पास’ किंवा ‘नापास’. नापास मालाचा कायदाही ठरलेला: “ज्यानं आणला, त्यानंच येऊन न्यायचा.” आप्पांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या भावानं दिलेला पंखा नापास झाला, तेव्हा तो बिचारा बेंबळीहून न्यायला आला आणि दोन दिवस पाहुणचार घेऊन गेला.

माझे वडील त्याच आडतीवर पोती वाहायचे. मी दहावी झालो तेव्हा आप्पांनी त्यांना बजावलं, “ह्याला पोत्याखाली घालू नको. ह्यो बियाण्याचा माल हाय, भरडायचा न्हाय.” आणि स्वतः मला कॉलेजात घेऊन गेले. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. आता पुण्यात नोकरी आहे, आई-वडील माझ्याकडेच असतात. त्यामुळं दोन दिवाळ्या मुरूमला जाणं राहूनच गेलं.

मध्यंतरी आप्पांचा फोन आला. “वानरांनी पपई ठिवली न्हाय बघ, प्रकाश.”

माझे ऑफिसातले मित्र रविवारी प्लास्टिकच्या गोळ्यांचा लुटूपुटूच्या लढाईचा खेळ खेळतात. त्यातली बॅटरीवर चालणारी एक रायफल मी गोळ्या आणि चष्म्यासकट पाठवून दिली. आप्पांची परीक्षा सुरू झाली; हालहवाल मला फोनवर कळायची.

आधी गोळ्या. “दाना टपोरा, एकसारखा. खडा न्हाय, ओलावा न्हाय. पास.” पांढऱ्याशुभ्र त्या गोळ्यांना आप्पांनी नाव दिलं साबुदाणा. त्याचा परिणाम एकादशीला दिसला. सकाळीच काकूंचा फोन.

“कसला साबुदाना धाडलास रं? रातभर भिजलाय, फुगंना की!”

मागून आप्पा ओरडले, “अगं, त्यो बंदुकीचा हाय!”

“मग माझ्या डब्यात कशाला ठिवला?”

“किडं लागू नयेत म्हनून!”

गोळ्या उन्हात वाळवून परीक्षा पुढं चालू झाली. काकूंची परात पपईला टांगली. चष्मा लावून आप्पा उभे राहिले. पहिल्यांदा नेम डावीकडं गेला. मग त्यांनी नळीवरची नेमाची चकती थोडी फिरवली आणि परात वाजली. “पेरताना तिफनीतनं पडल्यागत दाना पडतोय! पल्ला पार मागच्या भिंतीपातूर. पास.” बॅटरी एका चार्जिंगवर सबंध दुपार चालली, पास. वानरांवर मात्र त्यांनी एकदाही नेम धरला नाही. “जीवावर न्हाय, पत्र्यावर.” न्हाणीच्या छपराचा पत्रा असा तडतडला, की वानरं शेजाऱ्यांच्या पेरूवर गेली.

आप्पांनी आजवर माझी एकही वस्तू पास केली नव्हती. आता छाती फुगवून मी निकाल विचारला.

“नापास.”

“अहो आप्पा, सगळ्यात तर पास झाली!”

“रंग काळा हाय.”

“बंदूक काळीच असती की!”

“तेच तर. नापास म्हंजी नापास.”

“बरं, पार्सलवाल्याला पाठवतो न्यायला.”

“पार्सल चालत न्हाय. कायदा ठावं हाय न्हवं?” आणि त्यांनी फोन काकूंकडं दिला.

काकू हळूच म्हणाल्या, “परवा नवी गादी आनलीया. ह्ये झोपून बघंनात. ‘प्रकाश माझ्यापरीस उंच हाय’ म्हनले. मग दुकानातल्या उंच गड्याला झोपवून बघितलं, तवा घेतली.”

मी फोन ठेवून कागद घेतला. आप्पा फोनवरचा शब्द धरत नाहीत, त्यांना लेखी लागतं. म्हणून त्याच दिवशी पत्र टाकलं:

ती. आप्पांस सा. नमस्कार.

रंग काळा निघाल्याबद्दल माफी असावी. कायद्याप्रमाणं नापास माल न्यायला येत्या शनिवारी मी स्वतः येतो. सोबत आणखी एक माल तपासायला आणतोय, तुम्हीच पूर्वी पास केलेला. पुण्याच्या हवेत ओलावा धरलाय का, कीड लागलीय का, ते नीट बघा. दोन दिवस लागले तरी चालतील. घाईनं पास करू नका.

तुमचा,
प्रकाश