सारख्या बाटल्या

"गोळी एकदाही चुकलेली नाही," सूनबाईंनी ठणकावून सांगितलं. शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई त्या. मोजण्यात चूक होईलच कशी?

डॉक्टरीणबाईंनी तपासणीची पट्टी पुढे सरकवली. दोन लाल रेघा, ठसठशीत. "गोळ्या घरी आहेत ना? घेऊन या बघू."

दोन मुलांवर थांबायचं, हे नवरा-बायकोचं पक्कं ठरलं होतं. सासूबाईंना मात्र त्याचा पत्ता लागू द्यायचा नव्हता. म्हणून सूनबाई आपल्या गोळ्या पाकिटातून काढून सासूबाईंच्या ताकदीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवत. त्याही तशाच बारीक, पांढऱ्या. कोणाला संशय येणार?

सूनबाई तपासणीच्या खोलीतून बाहेर येतात तो बाकावर सासूबाई!

"तुम्ही इथे?"

"गुडघा गं. आणि तू?"

"सर्दी." सूनबाईंनी एक खोटी शिंक काढली, शाळेतले दोन तास कसेबसे उरकले आणि तडक घर गाठलं.

फडताळ उघडून त्या बाटलीला हात घालतात, तोच मागून सासूबाई चपलांसकट आत शिरल्या.

"थांब, त्यातली माझी कुठली? डॉक्टरीणबाईंनी दाखवायला मागितलीय."

"गुडघ्यासाठी?"

सासूबाईंनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "कसला गुडघा! चार वर्षांनी पाळी सुरू झालीय पुन्हा. या वयात! लाजेनं जीव अर्धा झालाय."

"कधीपासून?"

"तू फडताळ धुऊनपुसून लावलंस ना, त्यानंतरच."

सूनबाईंनी दोन्ही बाटल्या शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या. फडताळ लावताना बाटल्यांच्या जागा त्यांनी स्वतःच बदलल्या होत्या. दोन महिने ताकदीच्या गोळ्या त्यांच्या पोटात जात होत्या आणि त्यांच्या गोळ्या सासूबाईंच्या. आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगून टाकलं, लाल रेघांसकट, आणि मान खाली घालून बोलणी खायची तयारी केली.

सासूबाईंनी आपली बाटली उचलून हातात घेतली.

"म्हणजे मला काही झालेलं नाही?"

"नाही."

"सुटले बाई!" त्यांनी खुर्ची ओढली. "हे बघ, ठेवायचं की नाही, ते तुम्ही दोघं ठरवा. मी मध्ये पडणार नाही. पण लपवायचं तरी नीट लपवावं गं! मी तांबी बसवली होती. माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही."

सूनबाईंनी चमकून वर पाहिलं. "तांबी? मग... हे कसे झाले?"

"ती निसटली," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आणि हा आला. त्याला मात्र सांगू नकोस हं."