म्हण द्या, भाकर घ्या

परभणीत गयामावशीच्या खानावळीत पहिली भाकर पैशाची आणि दुसरी म्हणीची. म्हण इंग्रजी हवी आणि खाण्यावरचीच हवी. मावशी चारठाण्याकडची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, अक्षरओळख नाही. आम्ही कॉलेजची पोरं ताट घेऊन चुलीपाशी जायचो, ती तव्यावरची भाकर अडवून धरायची. "बोल."

कुणी सांगितलं, ‘ईट युवर वर्ड्स’, म्हणजे बोललेलं मागं घेणं. कुणी सांगितलं, अंदाज चुकला तर साहेब म्हणतो, मी माझी टोपी खाईन.

"टोपी? त्यांच्याकडं ज्वारी पिकत न्हाई का रे?"

मी सांगितलं, ‘बाइट द हँड दॅट फीड्स यू’, भरवणाऱ्या हातालाच चावणं.

"असं कोण करतंय?"

"ज्यांची शेतं आमच्या आया खुरपतात, ते." तेव्हा माझ्या पिशवीत विद्यापीठाच्या नामांतराची पत्रकं असायची आणि तोंडात त्यातलीच वाक्यं.

"बरं बाबा. भाषण मागून कर, आदी जेव."

मग गावोगाव आमच्या वस्त्या जळू लागल्या. एका संध्याकाळी पंगतीतला एक पाटलाचा पोरगा माझ्याकडं बोट दाखवून उठला. "मावशी, ह्याचं ताट बाहीर लाव. न्हाईतर आमी चाललो."

मी भाषणाला तोंड उघडणार, तोच मावशी पिठाच्या हातानं उभी राहिली. "तुमीच शिकवलंत न्हवं? ईट युवर वर्ड्स. बोललास ते खा, मंग भाकर वाढते."

तो गेला. त्याच्यामागं सगळी पंगत गेली.

दुसऱ्या दिवशीही तिनं रोजच्याइतकंच पीठ मळलं. टोपलीत भाकरींची चळत आणि जेवायला मी एकटा. पोट भरलं, हात धुतले. तरी तिनं तव्यावरची भाकर पुढं धरली. मी म्हण आठवू लागलो.

"ऱ्हाऊ दे. मला काय करायचीय विंग्रजी? म्हण सांगूस्तोवर पोरगं चुलीपाशी थांबतंय, तेवढंच." ती दाराकडं बघत होती. "येतील का रे ती?"



तिनं स्वतःचं ताट घेतलं. इतक्या दिवसांत तिला जेवताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. ती भिंतीकडं तोंड करून बसली.

मी माझं उष्टं ताट पुन्हा ओढलं आणि भिंतीच्या नि तिच्या मधल्या जागेत जाऊन बसलो.

"वाढ, मावशी."