टायरमध्ये अठरा पौंड

दाब हा माझा विषय आहे! एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात मी दाबाचे काटे तपासतो. वाफेचा दाब, तेलाचा दाब, पाण्याचा दाब, सगळे माझ्या हाताखालून जातात. घरातला दाब मोजणारा काटा अजून निघायचाय, पण तो विषय वेगळा. सांगायचा मुद्दा असा, की त्या रविवारी जे घडलं त्यात माझ्या मोजमापाची काडीचीही चूक नव्हती.

दोन हजार तीनची गोष्ट. आमच्या जेलरोडच्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमध्ये ज्ञानेश राहतो. त्याच्याकडे एक लाल स्पोर्ट्स कार होती. दोनच सीट, फायबरची बॉडी, उंची माझ्या कमरेएवढी आणि वजन इतकं कमी, की चार माणसं ती सहज उचलतील. मला हे कसं माहीत? आम्ही उचलली होती! एकदा त्याने ती माझ्या स्कूटरच्या जागेवर लावली. मी तिघांना हाक मारली, गाडी उचलली आणि पाण्याच्या टाकीमागे नेऊन ठेवली. ज्ञानेश गाडी चोरीला गेली म्हणून थेट पोलीस चौकीत! मग मलाही तिथे जाऊन हवालदारासमोर कबुली द्यावी लागली.

तेव्हापासून आमचं बोलणं बंद. बायकांनीही आपापल्या नवऱ्यांची बाजू घेतली. माझ्या मनीषाने शुभांगीवहिनींना विरजण द्यायचं थांबवलं आणि वहिनींनी आमच्या दारासमोरून जाताना मान वळवायला सुरुवात केली.

खरं सांगतो, मला ज्ञानेशची फार आठवण यायची. पूर्वी ऑफिसातून आलो की आम्ही जिन्याखालच्या कट्ट्यावर बसायचो, ते जेवायची तिसरी हाक येईपर्यंत. वर्षभर तो कट्टा मोकळा पडला होता. तो माझ्याकडे बघून दुसरीकडे बघायचा, मीही तेच करायचो.

म्हणून बिटको चौकात चहाच्या टपरीवर तो अचानक शेजारी येऊन उभा राहिला, तेव्हा मी पहिल्यांदाच दुसरीकडे बघितलं नाही.

"महेशराव, रविवारी आमच्या कार क्लबचा ट्रॅक डे आहे, गाड्या पळवायचा," तो चहाकडे बघत म्हणाला. "सिन्नर रोडला, त्या बंद कारखान्याच्या आवारात. पण वळणावर गाडी नुसती घसरते हो."

"टायरमध्ये किती पौंड आहे?"

"पंपावरचा पोरगा भरतो तेवढं. तीस-बत्तीस."

"अरे, बत्तीस जड गाड्यांना!" मी गरजलो. "तुझी गाडी म्हणजे पापड. एवढी हवा भरली की टायर मधोमध फुगतो आणि तेवढाच रस्त्याला टेकतो. अठरा ठेव! तेही सकाळी, टायर थंड असताना. पळाल्यावर टायर तापतो, दाब आपोआप वाढतो. तापलेल्या टायरला काटा लावणं हा अडाणीपणा आहे."

"मग तुम्हीच करा ना," तो म्हणाला आणि खिशातून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. त्याला पहाटेच ट्रॅकवर प्लास्टिकचे खांब मांडायला पुढे जायचं होतं. गाडी मी घेऊन यायची.

किल्ली हातात आली आणि मी त्याच्याही चहाचे पैसे देऊन टाकले. बायकांना मात्र रविवार संध्याकाळपर्यंत काही सांगायचं नाही असं ठरलं. त्या आपल्यासाठी वर्षभर भांडल्या आणि आपण परस्पर टपरीवर मिटवून मोकळे झालो, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

रविवारी उजाडताच मी खाली उतरलो. गाडीशेजारी उकिडवा बसलो आणि व्हॉल्व्हची पिन दाबली. फुस्स! काटा लावला, पुन्हा फुस्स! चारही टायर अठरावर आणले. इतकं सुंदर काम मी वीजकेंद्रातही कधी केलं नव्हतं.

मान वर केली तर समोर भाजीची पाटी घेऊन चिमणाबाई. ती पंचक्रोशीतली भाजी आणि बातमी रोज दारोदार पोचवते.

"सोडली का हवा, भाऊ?" ती हळूच म्हणाली. "मंग काय! जागेपाई लय तरास देला त्याहीनं तुम्हाला."

आता हिला काय सांगणार? बायकांपासून गुपित ठेवायचं होतं. मी फक्त गूढ हसलो. हसायला नको होतं!

तिथून मी थेट सलूनमध्ये गेलो. ट्रॅकवर फोटो निघणार होते. रविवारची गर्दी, त्यात दाढी आणि चंपी, असा निवांत परतलो. परत आलो तर आवारात चिटपाखरू नव्हतं. सोसायटीचे सेक्रेटरी गोटीरामकाका तेवढे जिन्यावर बसून धापा टाकत होते.

"काका, व्यायाम?"

"हो ना," काका म्हणाले आणि माझी नजर चुकवली.

मी गाडीत बसलो आणि निघालो. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा माझ्या दाढेपर्यंत पोचत होता. म्हटलं, स्पोर्ट्स कार अशीच असणार, सोफा थोडाच आहे!

ट्रॅकवर ज्ञानेश हेल्मेट घालून तयारच होता. त्याने टायरला लाथ मारून पाहिली. "महेशराव, जरा कडक वाटतात हो. काटा लावू?"

"अजिबात नाही! तापलेत आता. मी स्वतः अठरा लावलेत, डोळे मिटून जा!"

तो गेला. पहिलं वळण आलं. गाडी वळलीच नाही! ती तशीच तिरपी होऊन सरकत गेली, वाटेतले सगळे खांब आडवे केले, स्वतःभोवती दोन गिरक्या घेतल्या आणि कडेच्या कांद्याच्या वाफ्यात जाऊन बसली.

मी धावत गेलो. ज्ञानेश उतरला, हेल्मेट काढलं. खरचटलंही नव्हतं. त्याने माझ्या हातातून काटा घेतला, टायरला लावला आणि माझ्यासमोर धरला. पन्नास!

"टायर कितीही तापला तरी अठराचे पन्नास होतात का, महेशराव?" त्याचा आवाज अगदी शांत होता. "तुम्ही अजून विसरला नाहीत तर. निदान टपरीवर सांगायचं होतंत."

"ज्ञानेश, आईशप्पथ! मी अठराच..."

"हा धरा तुमचा काटा."

मी काटा घेतला. एवढं वाईट मला त्या चौकीतही वाटलं नव्हतं. वर्षाने मिळालेला मित्र पुन्हा चालला होता.

तेवढ्यात फाटकातून एक स्कूटी सुसाट आत आली. चालवत होत्या शुभांगीवहिनी आणि मागे फूटपंप कवटाळून बसली होती माझी मनीषा!

"पकडा त्यांना!" वहिनी ओरडल्या. "सकाळी हवा सोडली, आम्ही भरली, तर गाडीच पळवली!"

"अहो, तुम्हाला लाज कशी वाटत नाही?" मनीषाने उतरता उतरताच तोफ डागली. "चिमणाबाई दारोदार सांगत होती. ज्ञानेशभाऊजींना कळायच्या आत सगळ्या बिल्डिंगने आळीपाळीने पंप मारला. टायर दगडासारखे लागेपर्यंत! गोटीरामकाकांना तर चक्कर आली!"

ज्ञानेश माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. तो हसला आणि त्याने मला मिठीच मारली. "चुकलो, महेशराव!" माझे डोळे भरून आले, उगाच कशाला लपवू.

मग एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "थांबा. तुम्ही दोघी एका स्कूटीवर? तुमचं बोलणं बंद आहे ना?"

मनीषा फूटपंपाची नळी गुंडाळायला लागली.

"मागच्या दिवाळीतच मिटलं आमचं," अखेर वहिनी म्हणाल्या.

"मग आम्हाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुमचंही मिटलं असतं," मनीषा म्हणाली. "वर्षभर तुम्ही संध्याकाळी घरात असता. पोराचं गणित घेता, दळण आणता, गव्हातले खडे निवडता. ज्ञानेशभाऊजी तर आता पोळ्याही लाटतात. पुन्हा तो कट्टा सुरू होऊ द्यायचा होता का आम्ही?"

ज्ञानेशने मान खाली घातली. पोळ्यांचं त्याने मला सांगितलं नव्हतं.

टायर थंड झाल्यावर मी पुन्हा अठरा लावले, या वेळी तिघांच्या देखत. ज्ञानेशने पूर्ण फेरी मारली, गाडी वळणावर एकदाही घसरली नाही. नंतर तिथेच, कांद्याच्या बांधावर बसून तडजोड झाली. अटी अर्थातच बायकांनी घातल्या.

त्यामुळे रविवारी आम्ही जिवलग मित्र असतो. सोमवार ते शनिवार, संध्याकाळी सहानंतर, आमचं भांडण असतं. सोसायटीत कोणी विचारलंच, तर मी अजूनही सांगतो, "त्या ज्ञानेशचं नाव काढू नका!" आणि आत जाऊन गव्हातले खडे निवडतो.