लवंगीच्या छातीतलं फुस्स

मुलांनो, मांडी घालून बसा. ज्यांना शेपटी आहे त्यांनी ती आवरून घ्या. का, ते पुढे कळेल.

एका जंगलात डॉक्टर नेमायचा होता. सभेत ठरलं, डॉक्टरचं काम छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकायचं. तेव्हा ज्याचे कान सगळ्यांत लांब, तो डॉक्टर. लगेच फूटपट्टी आणली. ससा दुसरा आला आणि गाढव पहिलं आलं. दोन कानांच्या मधे काय आहे, ते मोजायचं कुणाला सुचलं नाही.

हसू नका. ते गाढव म्हणजे मीच.

मला शिकायला तळ्याकाठच्या कासवगुरुजींकडे पाठवलं. गुरुजी म्हणाले, "हृदयातल्या झडपा मिटतात तेव्हा आवाज होतो. आधी लब, मग डब. ते दोन्ही कुणालाही ऐकू येतात. त्यांच्या मधल्या जागेत काय वाजतं, ते ऐकायला शिक. खरी विद्या तिथे आहे."

सराव गुरुजींच्याच छातीवर करायचा होता. आता ते कासवाचं हृदय. लब झालं की डब यायला इतका वेळ लागायचा की मधे मला डुलकी लागायची. लब पाठ झालं, डब पाठ झालं, मधलं सगळं झोपेत गेलं. डुलकीत माझी मान हलायची. गुरुजींना वाटलं, पोराला पटतंय. त्यांनी मला पास केलं.

मी पांढरा कोट शिवला, वडाखाली पाटी लावली. पहिल्याच आठवड्यात एक हरिणी आली. सोबत तिचं पाडस होतं, लवंगी. ती एका जागी उभी राहीना.

"डॉक्टरसाहेब, गवत वाळायला लागलंय," हरिणी म्हणाली. "कळप महिन्याभरात नदीपार जाणार. मधलं माळरान एका दमात पळून ओलांडावं लागतं. म्हणून म्हटलं, पोरीला एकदा दाखवून घ्यावं."

मी नळी कानात घातली आणि चकती लवंगीच्या छातीवर ठेवली. लब, फुस्स, डब. लब, फुस्स, डब.

हे फुस्स मी जन्मात ऐकलं नव्हतं. माझ्याच छातीत धडधडायला लागलं. पण कोट घातलेल्याला 'मला कळत नाही' असं म्हणता येत नाही, मुलांनो. मी चेहरा लांब केला. तो मुळातच लांब असल्यामुळे फारच गंभीर दिसला.

"बाई, हृदय बिघडलंय," मी म्हणालो. "पळणं बंद. उड्या बंद."

"किती दिवस हो?"

"जन्मभर."

हरिणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, थोडा रुबाबही वाटला.

लवंगी वडाखाली बसून राहिली. तिच्या मैत्रिणी समोरच शर्यती लावायच्या आणि ती मान वळवून झाडाच्या बुंध्याकडे बघायची. एकदा तिने विचारलं, "डॉक्टरकाका, मी पळाले तर काय होईल?"

"मरशील."

"आणि वाघ आला नि मी पळाले नाही, तर?"

मी नळी कानात घातली. अवघड प्रश्नावर माझ्याकडे तोच उपाय होता.

महिना संपला. कळप निघून गेला. हरिणी पोरीसाठी मागे राहिली. आता जंगलाच्या या काठावर त्या दोघी, मी आणि आमचा म्हातारा वाघ एवढेच उरलो. वाघाचे गुडघे आखडले होते, त्यामुळे त्याच्या पावलांचा आवाज व्हायचा. त्याच्या गुडघ्यांवर उपचार कोण करत होतं, ते तुम्ही ओळखलंच असेल.

त्या सकाळी मी लवंगीला जमिनीवर आडवं करून तपासत होतो. लब, फुस्स, डब, धप. लब, फुस्स, डब, धप.

धप! नवीन आवाज! मला आनंद आवरेना. या रोगाला माझंच नाव द्यायचं, असंही मी ठरवून टाकलं.

लवंगी माझी बाही ओढायला लागली. "डॉक्टरकाका, वाघ..."

"बोलू नकोस. तू बोललीस की मला ऐकू येत नाही."

"काका, अहो, मागे वाघ!"

"शू! वाढतंय. धप फार जोरात वाढतंय."

तेवढ्यात हरिणी किंचाळली, "लवंगे, पळ!"

लवंगी उठली आणि सुटली. आईच्या बरोबरीने तिने माळरान ओलांडलं, नदीत उडी घेतली आणि पलीकडे निघाली. मीही पळालो. म्हणजे माझा बराचसा भाग पळाला. शेपटी वाघाकडे राहिली.

नदीपलीकडे पोचल्यावर मी लवंगीला नळी लावली. फुस्स होतंच, उलट दुप्पट जोरात होतं. आणि लवंगी दात काढून हसत होती.

तळं आटल्यावर नदीवर राहायला आलेले कासवगुरुजी तिथेच किनाऱ्यावर ऊन खात पडले होते. मी त्यांना बाजूला नेऊन हळूच विचारलं.

"अरे, लहान पोरांच्या हृदयात रक्त घाईने धावतं, त्याचा आवाज तो," गुरुजी म्हणाले. "बऱ्याचदा त्यात रोग नसतो. वर्गात तीनदा सांगितलं होतं. तू तर चांगली मान डोलवत होतास."

मी परत आलो, तर हरिणीने माझे पाय धरले. "डॉक्टरसाहेब, तुम्ही महिनाभर विश्रांती दिलीत, म्हणून पोर आज पळू शकली."

मला बोलायला हवं होतं. लवंगी माझ्याकडेच बघत होती. तिला सगळं कळलं होतं, हे मला दिसत होतं. माझी मान आपोआप खाली गेली.

"रोज दोन वेळा पळवा," मी म्हणालो. "पंधरा दिवसांनी दाखवायला आणा."

तात्पर्य : बाळांनो, डॉक्टर झालात तर नळी कानातून कधीही काढू नका. ती काढली की पेशंट काय सांगतोय, ते ऐकू येतं.